सतरा तुकडे आणि एक गुणफलक

तुझं पत्र आणि सोबतचा कोड, दोन्ही वाचले. खेळाच्या प्रोग्रॅमचे तू सतरा मॉड्यूल, म्हणजे सुटे तुकडे, केलेस, तरी शत्रूचा वेग बदलला की गुणफलक बिघडतोच. तुकडे अजून बारीक करू का, असं विचारतोस. नको. तुकडे कमी पडलेले नाहीत, कात्री भलत्या ठिकाणी चाललीय.

तू कामाच्या क्रमाने कापलंस: आधी इनपुट, मग हालचाल, मग टक्कर, मग चित्र. सुरुवातीला बहुतेक जण असंच कापतात, मीही कापायचो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच एका लेखात यावर बोट ठेवलं होतं. ओळींची अनुक्रमणिका लावणारा एकच प्रोग्रॅम त्यांनी दोन तऱ्हांनी विभागून दाखवला. एकीत पायरीगणिक एक मॉड्यूल. दुसरीत, उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात दडवलेला. माहिती साठवायची पद्धत बदलायची ठरली, तर पहिल्या तऱ्हेत जवळजवळ सगळीकडे हात घालावा लागतो, दुसरीत एकाच जागी. म्हणजे काय आधी घडतं हे बघून कापू नकोस, काय बदलणार आहे ते बघ.

फाशांवर खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची छापील साहसं १९७८ पासून ‘मॉड्यूल’ म्हणूनच विकली जायची. ती लिहिणाऱ्याला खेळायला कोण बसणार हे ठाऊक नसे. म्हणून अनेक मॉड्यूलवर, हे कुठल्या पातळीच्या पात्रांसाठी आहे, ते छापलेलं असे. साधी ओळ, पण मॉड्यूल काय गृहीत धरतं ते त्यात उघड सांगितलेलं. तुझ्या सतरापैकी एकातही अशी ओळ मला सापडली नाही.

ती नसली की काय होतं, याचं उदाहरण मी नेहमी एकच देतो. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आसपास फुटलं. दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून उचललेलं होतं. तिथे ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं होतं. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जायची. एरियन-४ च्या मार्गावर ती कधी एवढी वाढणारच नाही, म्हणून तिथे तपासणी ठेवली नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, संख्या मावली नाही. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. आणि खरी चुटपुट लावणारी गोष्ट: उड्डाणानंतर त्या हिशेबाची एरियन-५ ला गरजच नव्हती!

चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ मध्ये तर तुकडे वेगळे ठेवण्याचा फायदा आणि ते एकमेकांना न जुळण्याचा तोटा, दोन्ही बाजू एकदम दिसतात. एप्रिल १९७० मध्ये सर्व्हिस मॉड्यूलमधली ऑक्सिजनची टाकी फुटली. चंद्रावर उतरायचं यान, म्हणजे लूनर मॉड्यूल, वेगळं होतं, त्याची वीज आणि ऑक्सिजन स्वतःचे होते, म्हणून तिघा अंतराळवीरांना त्यात आसरा घेता आला. मात्र ते दोघांसाठी बांधलेलं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे पुरेनात. अंतराळवीर एरवी बसायचे त्या कमांड मॉड्यूलमध्ये जादा डबे होते, पण ते चौकोनी आणि लूनर मॉड्यूलमधली भोकं गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने ते जोडले. अशी चिकटपट्टी मला तुझ्या कोडमध्येही दोन-तीन ठिकाणी दिसली.

आता तुझा गुणफलक. तो शत्रूच्या आत डोकावून वेग वाचतो आणि त्यावरून गुण ठरवतो. त्याला वेग कळायचं कारणच काय? शत्रू पडला, इतके गुण, एवढाच निरोप त्याच्याकडे जाऊ दे. इनपुट आणि हालचाल एकमेकांना इतकी चिकटलीत की ती एकत्र केलीस तरी चालेल. सतराचे नऊ झाले तर वाईट वाटून घेऊ नकोस.

पुढच्या वेळी कोड पाठवू नकोस. प्रत्येक मॉड्यूल काय गृहीत धरतं, त्याची एकेक ओळ तेवढी पाठव. जिथे ओळ लिहिता येणार नाही, ती जागा रिकामीच ठेव.