डाग घालवण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीत पार्लर सुरू केलंस, फार बरं वाटलं. ठाण्याला माझ्या दवाखान्यात बायका चेहऱ्यावरचे डाग दाखवायला येतात, पण बहुतेकींचं आधी पार्लरमध्ये काहीतरी करून झालेलं असतं. म्हणून तुला हे लिहितेय.

उन्हाचे बहुतेक डाग निरुपद्रवीच. वांगाचा कॅन्सर होत नाही, उतारवयात हातांवर उठणाऱ्या सपाट तपकिरी डागांचाही सहसा नाही. कुणाला उगाच घाबरवू नकोस. पण हुबेहूब तसाच दिसणारा एक डाग मेलेनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कॅन्सरचा असतो. वर्षानुवर्षं ऊन सोसलेल्या गालावर, नाकावर, कानाजवळ येतो आणि अगदी सावकाश पसरतो. रंग तयार करणाऱ्या पेशींचा डीएनए अतिनील किरणांनी बिघडलेला असतो, त्या बेसुमार वाढत असतात. कातडीच्या वरच्या थरात आहेत तोवर डाग पूर्ण कापून काढला की बहुधा भागतं. खाली उतरल्या की मेलेनोमाला लसिकाग्रंथी, फुप्फुसं, मेंदू, सगळीकडे वाट मिळते. किती मिलिमीटर खोल गेलाय, यावर पुढचं बरंच ठरतं.

तेव्हा पील किंवा लेझर करण्याआधी डाग खिडकीच्या उजेडात नीट बघ. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच डागात तपकिरी, काळा, करडा असे रंग आहेत, आकार 6 मिलिमीटरहून मोठा आहे, तर थांब. आणि विचार, "हा आधीपासून असाच होता का?" बदलतोय म्हणाली, तर हात लावायचा नाही. वरचा रंग उडाला की डाग गेल्यासारखा वाटतो, आत वाढ चालूच राहते, आणि पुढे बायोप्सीतही निदान अवघड होतं.

पेडिक्युअरची मला जास्त काळजी आहे. आपल्या सावळ्या कातडीत मेलेनोमा मुळात कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर नाहीतर नखाखाली, जिथे उन्हाचा संबंधच नाही. लोक त्याला कुरूप, म्हणजे भोवरी समजतात, लोकलमध्ये कुणाचा तरी पाय पडला म्हणतात. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. एकाच नखावरची काळी रेघ जागची हलत नसेल, रुंदावत असेल, काळेपणा मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर त्यावर नेलपॉलिश लावू नकोस. बऱ्याच नखांवर बारीक रेघा असतील तर त्या बहुधा साध्या असतात.

कॅन्सर हा शब्द तू काढू नकोस. "आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून या, मग मी करून देते," एवढं पुरे. शेजारी मोजपट्टी धरून तिच्याच मोबाइलवर फोटो काढून दे, पुढच्या वेळी तुलना करता येते. खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे, पण आधी जवळचा त्वचारोगतज्ज्ञ बघेल आणि तुकडा काढायचा का ते ठरवेल.

एखाद्या दुपारी दवाखान्यात ये. डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, साधा तीळ कसा दिसतो ते दाखवते.

तुझी,
मावशी