टॉर्च, काजवे आणि तिसरा प्रयत्न

बडोद्याहून, दांडिया बाजारातून एका बाबांचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते, मुलगी बी ग्रुपची म्हणजे बायोलॉजीवाली, मेडिकलची नीट परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा ४८२ मार्क, आता तिला पुन्हा वर्षाचा ड्रॉप नकोय, एमएस युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री घ्यायचीय कारण कुठल्याशा लेक्चरला तिने जिवंत उंदराच्या अंगात चमकणाऱ्या इम्यून पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा, फोटो पाहिला. बाबांनी तिला न सांगता तिसऱ्या वर्षाची क्लासची फी भरून टाकलीये आणि मला लिहितात, "तुम्ही तरी समजवा, उंदीर चमकवणं हे काय करिअर आहे?"

अहो दादा, मार्कांचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय 'आम्ही नीट दोनदा दिली', 'आम्हाला ४८२ आले', आणि खाली 'वाडीतले नातेवाईक विचारतात तेव्हा सांगायला काही नसतं'. म्हणजे पेपरला बसली ती आणि निकाल लागला तुमचा! १९ वर्षांची मुलगी, मत देते, पण फी भरताना तिचं मत विचारावंसं वाटलं नाही. आणि ती हल्ली जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला तर तीच एक ओळ वाचून धस्स झालं. आधी तिच्याशी नीट बोला, परीक्षावालं नीट नव्हे.

आता तुमचा टॉर्चवाला मुद्दा. तुम्ही तिला म्हणालात, 'टॉर्च मारला की काहीही चमकतं'. इथे टॉर्च नसतोच, गंमत तीच आहे. बाहेरून प्रकाश मारायचा तो फ्लुओरेसन्स, जेलीफिशच्या हिरव्या प्रोटीनला २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते त्यातलं, पण त्यात उंदराची कातडी आणि त्याने खाल्लेलं खाणंसुद्धा थोडं चमकतं. तुमच्या मुलीने पाहिलं ते वेगळं. काजव्यातलं ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम बनवणारा जीन टी-पेशींमध्ये (याच त्या इम्यून पेशींतला एक प्रकार) घालतात, त्या पेशी उंदराला देतात, मग ल्युसिफेरिन, म्हणजे ज्यातून ते एन्झाइम प्रकाश काढतं तो पदार्थ, टोचायचं, भूल देऊन उंदराला काळ्याकुट्ट पेटीत ठेवायचं आणि प्रचंड थंड केलेला कॅमेरा आतून येणारा मिणमिणता प्रकाश मोजतो. फोटोतले लाल-निळे रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात. या प्रकाशाला एटीपी लागतं, म्हणजे पेशीचं स्वतःचं इंधन, पेशी मेली की दिवा विझला. म्हणून कॅन्सरवर सोडलेल्या पेशी गाठीपर्यंत पोचल्या का, तिथे वाढतायत की मरतायत, हे त्याच उंदरात आज, परवा, पुढच्या आठवड्यात बघता येतं, नाहीतर दर वेळी नवा उंदीर कापा. एटीपीचं हे १९४७ मध्ये विल्यम मॅकएलरॉय या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं, तो काजवे पकडून आणायला बाल्टिमोरच्या पोरांना १०० काजव्यांमागे २५ सेंट द्यायचा (त्या पोरांचे बाप काय म्हणाले असतील देव जाणे). माणसात हे चालत नाही, एवढ्या जाड शरीरातून प्रकाश बाहेर येत नाही, पण माणसाला द्यायच्या आधी उंदरात बघावंच लागतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली सीएआर-टी ही कॅन्सरवरची थेरपी २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली, ती टी-पेशींचीच, जीन बदलून कॅन्सरवर सोडलेल्या. करिअर आहे का विचारता ना!

रस्ता म्हणाल तर बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ ही परीक्षा देऊन मिळणारी फेलोशिप, महिना ३७ हजार, पीएचडीला पाच-सहा वर्षं. पैसा उशिरा येतो, खोटं कशाला बोलू.

इथून पुढे फोन तिच्या हातात द्या. बेटा, फोटोवर भाळू नकोस. त्याच्यामागे उंदीर हातात धरून पोटात सुई मारणं आहे, एथिक्स कमिटीची परवानगी आहे आणि बहुतेक वेळा प्रयोग संपला की तो उंदीर मारणंही आहे. तुला ते झेपेल का? नाही झेपलं तरी बिघडत नाही, जीन तयार करणारे, इमेज मोजणारे पण लोक लागतात. सायन्स फॅकल्टीत जा, पीएचडी करणारी एखादी ताई गाठ आणि एक अख्खा दिवस तिच्या लॅबमध्ये बस. कंटाळा आला तर तसं लिही, पण पुढचं पत्र तूच लिही.

आणि दादा, फी परत मिळते का ते उद्याच जाऊन विचारा, बॅच सुरू झाली की मिळवणं अवघड जातं.