वाचकांचे प्रश्न : इमारतीचे डिजिटल ट्विन सांगलीत परवडेल का?

प्रश्न : मी सांगलीत अठरा वर्षे बांधकामाची कामे घेतो. सध्या पार्किंग आणि त्यावर पाच मजले अशा इमारतीचे काम चालू आहे. अलीकडे एका कंपनीच्या प्रतिनिधीने पडद्यावर फिरणारी इमारत दाखवून ‘डिजिटल ट्विन’ घेण्याचा आग्रह धरला. माझा मुलगा स्थापत्य अभियंता असून त्याला ही कल्पना फार आवडली आहे. खर्च मात्र मोठा आहे. आपल्या भागात याचा उपयोग आहे का?
— एक बांधकाम व्यावसायिक, सांगली

उत्तर : आपल्याला दाखवले गेले ते बहुधा इमारतीचे त्रिमितीय प्रारूप असावे. तेही उपयोगी असते, परंतु काम सुरू झाल्यावर जागेवर काय बदलले हे त्याला आपोआप कळत नाही. डिजिटल ट्विनमध्ये प्रत्यक्ष इमारतीची मोजमापे प्रारूपाकडे येत राहतात आणि त्यांवरून घेतलेला निर्णय पुन्हा इमारतीवर अमलात येतो. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये अमेरिकेत ही कल्पना कारखान्यातील उत्पादनांच्या संदर्भात मांडली होती. बांधकामात ती नंतर आली.

सांगलीकरांना ही साखळी नवी नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढले याची घरोघरी एकच विचारणा होते, “आयर्विनला किती फूट?” पाणी ४५ फुटांची धोका पातळी गाठण्याआधीच नदीकाठचे दुकानदार माल वर हलवू लागतात, आणि किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे जुनी माणसे तोंडपाठ सांगतात. पुलावरचे मोजमाप, मनातला नकाशा आणि त्यावरून घेतलेला निर्णय, एवढेच संगणकाला नेमकेपणाने आणि न विसरता करायचे असते. जुने अभियंते भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवत आणि पट्टी तडकली की भेग अजून वाढते आहे असे समजत. आजचे सेन्सर हीच नोंद मिलिमीटरच्या अंशात ठेवतात.

खर्च ही अडचण आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण नोंदींची आहे. आपल्याकडे आराखडा एकाचा, काम दुसऱ्याचे आणि देखभाल तिसऱ्याची असते; निविदा बहुधा सर्वांत कमी दराला जाते आणि त्या दरात नोंदी ठेवण्याचे पैसे कोणी धरत नाही. प्लंबरला वाटेत बीम आडवा येतो, तो पाइप वीतभर बाजूला घेतो, नकाशा मात्र होता तसाच राहतो. गिलावा झाला की पाइप कुठून गेला हे फक्त त्या प्लंबरलाच ठाऊक असते. पुढे गळती लागते तेव्हा रहिवाशांना तीन-तीन ठिकाणी फरशी फोडावी लागते. असा चुकीचा नकाशा कितीही महागड्या संगणकप्रणालीत भरला तरी तो चुकीचाच राहणार.

म्हणून संपूर्ण प्रणाली आत्ताच विकत घेऊ नये, असे मला वाटते. चालू इमारतीवर नोंदींपासून सुरुवात करावी. गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप लावून छायाचित्र घ्यावे आणि जागेवर झालेला बदल त्याच दिवशी मुलाने प्रारूपात उतरवावा. एखाद्या मोठ्या स्लॅबमध्ये काँक्रीटचे तापमान मोजणारे सेन्सर ठेवून पाहावेत. तापमान आणि वेळ यांवरून काँक्रीटने किती ताकद धरली याचा अंदाज येतो, त्यामुळे सेंट्रिंग कधी काढायचे हे मुकादमाच्या अंदाजावर सोडावे लागत नाही. अर्थात त्या मिश्रणाच्या क्यूब चाचण्यांशी (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याशी) हा अंदाज आधी जुळवून घ्यावा लागतो, आणि ७ व २८ दिवसांच्या नेहमीच्या चाचण्या चालूच ठेवाव्या लागतात. २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या पुराची खूण आपल्या जागेजवळ कुठे आहे ते लेव्हल लावून मोजावे, आणि मीटर-पॅनेल व पंप त्या खुणेच्या किती वर आहेत हे प्रारूपात अवश्य नोंदवावे.

या नोंदी आपल्याही हिताच्या आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विनामोबदला दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकाची असते; तेव्हा दोष नेमका कुठे आणि कशामुळे आला हे दाखवायला हीच छायाचित्रे कामी येतील.

प्रतिनिधी पुन्हा आला तर त्याला दोन गोष्टी लेखी मागाव्यात : सर्व माहिती आयएफसी या खुल्या, म्हणजे इतर कंपन्यांच्या संगणकप्रणालींतही उघडणाऱ्या, फाइल-स्वरूपात मिळेल, आणि वर्गणी बंद केली तरी ती आपल्याकडेच राहील. इमारत सोसायटीकडे सोपवताना चाव्यांबरोबर ती फाइलही द्यावी.