रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाचा सीटी १८ आला, तर कितपत घाबरावं?

तुमच्या वडिलांना लिम्फोमा आहे, केमोसाठी भरती असतानाच कोविड पॉझिटिव्ह आला आणि रिपोर्टवर सीटी १८ आहे. व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) जास्त म्हणजे धोकाही तेवढाच जास्त का, असं तुम्ही विचारलंय. मी पीसीआरच्या, म्हणजे स्वॅबमधून विषाणू शोधणाऱ्या टेस्टच्या, प्रयोगशाळेत काम करतो, डॉक्टर नाही. तेव्हा आधी आकड्याबद्दल बोलतो.

हा सीटी म्हणजे सीटी स्कॅन नव्हे, तर या टेस्टमध्ये विषाणू दिसेपर्यंत यंत्राला किती फेऱ्या लागल्या. दर फेरीला विषाणूच्या जनुकीय तुकड्यांची संख्या साधारण दुप्पट होते. म्हणून सीटी जितका कमी, तितका विषाणू जास्त. १८ आणि २८ मधलं अंतर दहाचं दिसतं, पण विषाणूचं प्रमाण जवळपास हजारपट वेगळं असतं. मात्र स्वॅब नीट घेतला नसेल, तर विषाणू भरपूर असूनही २८ येऊ शकतो. दोन प्रयोगशाळांचे सीटी तर शेजारी ठेवूच नका, किट वेगळी असतात.

तरी आकडा अगदीच निरर्थक नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या तीन रुग्णालयांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांच्या अभ्यासात, भरती होताना ज्यांच्यात विषाणू जास्त होता त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले, कॅन्सर असो वा नसो. रक्ताच्या कॅन्सरवाल्यांत विषाणूचं प्रमाणही जास्त सापडलं. पण ते सगळे लस येण्याआधीचे रुग्ण. तिथली टक्केवारी वडिलांना लावू नका.

तुमच्या जागी मी डॉक्टरांच्या राउंडला सीटीचा विषय काढलाच नसता. ऑक्सिजन किती, न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती, रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध देत असतील तर शेवटचं कधी दिलं आणि विषाणूविरोधी औषध सुरू केलंय का, एवढंच विचारलं असतं. विषाणूविरोधी औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १००.४ चा ताप आला, तर सगळं कोविडवर ढकलून चालत नाही. जिवाणूंचा संसर्ग धरून अँटिबायोटिक तासाभरात सुरू करतात. रात्री ताप आला तरी सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, नर्सना लगेच सांगा.

रिटुक्सिमॅबचं विचारायचं कारण असं, की ते अँटिबॉडी बनवण्यासाठी लागणाऱ्या बी पेशी संपवतं. अँटिबॉडी बनत नाहीत आणि विषाणू काही जणांत महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यामुळे खोकला थांबला, दहा दिवस झाले, आता नेहमीच्या वॉर्डात हलवू या, असं कुणी म्हणालं तर पुन्हा टेस्ट करायची का ते विचारा. शेजारच्या खाटेवरही केमोचाच रुग्ण असतो.