सुभद्रेला झोपू द्या

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वय ६१, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. सुनेला सातवा महिना लागलाय. मुलानं मोबाइलवर गर्भसंस्कारांचं अ‍ॅप घेतलंय. रोज रात्री दहाला सून पोटाला हेडफोन लावून बसते. दिवसभर ऑफिसचं काम करून इतकी दमते की बसल्या बसल्या पेंगते, आणि ‘बाळाचं नुकसान होईल’ म्हणून दचकून उठते. दुसरीकडे ८४ वर्षांच्या सासूबाई. पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं घर कसं पडलं, तांब्याचा बंब कसा वाहत गेला, रात्र पर्वतीवर कशी काढली, हे रोज संध्याकाळी सांगतात. शब्दन् शब्द तोच. मुलगा म्हणतो, आजीचं डोकं आता चालत नाही. बाळाच्या मनाची घडण खरंच पोटात होते का? आणि म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, हे खरं का?

उत्तर : ताई, आज रात्री सुनेला दहाच्या आत झोपायला पाठवा. बाकीचं सावकाश बोलू.

बाळ पोटात ऐकतं, हे खरंच आहे. साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमाराला ते आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. पण त्याला सगळ्यांत नीट पोचतो तो आईचा आवाज, कारण तो तिच्या शरीरातूनच त्याच्यापर्यंत जातो. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी एक प्रयोग केला. तीन दिवसांच्या आतली बाळं. तोंडात चोखणी, कानाशी आवाज. चोखण्याची लय एका तऱ्हेनं बदलली तर आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या तऱ्हेनं बदलली तर परक्या बाईचा. बाळांनी लय बदलली आणि आईला बोलावून घेतलं. मी एकतीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. दरवर्षी या ठिकाणी वर्ग गप्प व्हायचा, आणि मलाही पुढचं वाक्य बोलायला क्षणभर लागायचा.

२००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढता, जर्मन बाळांचा उतरता, ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेसारखा. म्हणजे भाषेचा हेल जन्माआधीच कानात बसायला लागतो. चवीचंही तसंच. आईनं लसूण खाल्ला की त्याचा वास गर्भजलात उतरतो. गरोदरपणी शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं खाणं तोंड वाकडं न करता घेतलं, असंही दिसलंय.

पण यातल्या एकाही प्रयोगात मूल जास्त हुशार निघालं, असं दिसलेलं नाही. त्यांत दिसते ती ओळख. आईच्या आवाजाची, बोलीची, घरच्या फोडणीची. ही ओळख सून दिवसभर करून देतेच आहे. माहेरी फोनवर बोलताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना, तुम्हाला ‘आई, चहा टाकू का?’ विचारताना. श्लोक आवडत असतील तर तिनं स्वतः म्हणावेत, वाटेल तेव्हा, वाटतील तेवढे. पोटाला चिकटवलेल्या हेडफोनची काहीच गरज नाही. आवाज मोठा असेल तर बाळाला त्याचा त्रासच व्हायचा.

गर्भसंस्कार म्हटलं की अभिमन्यू येतोच. चक्रव्यूहाची गोष्ट ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि पोराचं ज्ञान अर्धवट राहिलं, असं सगळे हळहळून सांगतात. मला लहानपणापासून त्या सुभद्रेचीच बाजू घ्यावीशी वाटते. दिवस राहिलेली बाई, दमली होती, झोपली. तिला दोष कसला? गरोदरपणी सतत, महिनोन् महिने राहणारा मोठा ताण बाळाला बरा नसतो, हे मात्र अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पेंगल्यामुळे काही बिघडत नाही. पेंगले म्हणून रोज धास्तावणं मात्र थांबायला हवं. आणि हे मुलाला तुम्हीच सांगा, सुनेवर टाकू नका.

एक आत्ताच सांगून ठेवते. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की एखाद्या दिवशी तुमच्याकडे बघून भोकाड पसरेल. माझ्या नातवानं हेच केलं. दीड महिन्यानं भेटत होते, हात पुढे केले, तर त्यानं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मी इतकी वर्षं हे शिकवलेलं, तरी घशात आवंढा आला. पण ती वाढीचीच खूण असते. आपलं माणूस कोण आणि नवखं कोण, हे त्याला कळायला लागतं. दिसेनासं झालेलं माणूस संपत नाही, हेही याच सुमाराला उमगत जातं. म्हणून तर बुवा-कुक त्याला इतकं आवडतं. जवळ बसा, घाई करू नका. येईल.

आता सासूबाई. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. तेव्हा त्या विशीच्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानानं जास्त येतात, हे अनेक देशांत आढळलंय. म्हणजे विशीतला पूर आज ठसठशीत आठवणं हे बिघाडाचं लक्षण नाही.

रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये हे स्पष्ट मांडलं. तोवर म्हाताऱ्यांचं जुनं उगाळणं म्हणजे भ्रमिष्टपणा, असाच समज होता. ते म्हणाले, नाही, हा आयुष्याचा आढावा आहे. राहून गेलेलं, न सुटलेलं वर येतं आणि माणूस ते पुन्हा हाताळून बघतं. दुसरं बालपण म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. लहान मुलाला हे काम नसतं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी पावसात सायकलनं कसे गेले, पुलावर चेन कशी पडली, हे आम्ही शेकडो वेळा ऐकलं. ते ८१ वर्षांचे असताना एकदा मी सहज विचारलं, ‘‘अण्णा, सायकल कुणाची होती?’’ ते थांबले. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, ‘‘दादाची. तो गेला त्या साली.’’ त्यांना थोरला भाऊ होता, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर चेनची गोष्ट फारशी आली नाही. दादाच्या गोष्टी यायला लागल्या.

एवढं मात्र बघा. दहा मिनिटांपूर्वीच सांगितलेलं विसरून सासूबाई लगेच पुन्हा सुरू करतात का? रोजच्या गल्लीत वाट चुकतात का? चहा कसा करायचा यात अडतात का? दिवस-वार, पैशांचा हिशेब बिनसलाय का? यातलं काही असेल तर विसराळूपणा म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी पूर सांगणं आणि सकाळी दुधाचा हिशेब चोख ठेवणं, असं असेल तर आजीचं डोकं चालतंय.

तुम्ही स्वतःविषयी एक ओळही विचारली नाहीत. एरिक एरिकसन यांनी १९५० मध्ये जन्मापासून वार्धक्यापर्यंत मनाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा तुमचा. पुढच्यांसाठी काही घडवायचं की आपल्यातच साचून राहायचं, हा त्यातला झगडा. बँकेचं काम सुटलं आणि घरात दोन्ही टोकं एकदम तुमच्या हाती आली. थकवा येणारच. आठवड्यातली एक संध्याकाळ मुलाला घरी बसवा आणि तुम्ही बाहेर पडा.

बाकीच्या संध्याकाळी बंबाची गोष्ट सुरू झाली की विचारून बघा, त्या रात्री पर्वतीवर कुणी कुणाला काय खायला दिलं. सुनेलाही शेजारी बसवा, पाय वर घेऊन. सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.