शालीनचा शालीशी संबंध नाही

प्रश्न असा आहे: ‘शालीन म्हणजे साधा, विनयी. मग तो शालीवरून आला का? आणि लिहायचा कसा, शालिन की शालीन?’

शालीवरून मुळीच नाही! सत्कारात शालीची घडी मोडली की सूत्रसंचालक ‘शाल हे शालीनतेचं प्रतीक’ म्हणतातच, आणि दर वेळी मला उठून सांगावंसं वाटतं की अहो, शाल फारसीतून आली. शालीन पाणिनीच्याही आधीचा.

तो आला ‘शाला’वरून. शाला म्हणजे घर, इमारत. गोशाळा, धर्मशाळा यांतली. पाणिनीचं सूत्र (५.२.२०) आहे ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’. शालीन म्हणजे अधृष्ट. आणि या धृष्टाचंच प्राकृतात धिट्ठ झालं, मराठीत धीट! म्हणजे जो धीट नाही तो शालीन. आपला ‘भिडस्त’ त्याच्या अगदी जवळचा. कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमती राजपुत्र अजावर भाळते, पण शालीनतेमुळे तिला ते बोलवत नाही. ती स्वयंवराला नटूनथटून आलेली आहे, हे लक्षात घ्या. साध्या राहणीचा यात संबंध कुठे आला?

पण घरावरून भिडस्तपणा कसा निघाला? काशिका ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका सांगते, ‘शालाप्रवेशनमर्हति’, जो घरात शिरायला योग्य तो. मला हे अजिबात पटत नाही. घरात शिरायला योग्य तर पाहुणाही असतो, तो कुठे बुजरा असतो? सूत्रात शेजारी कौपीन आहे (इथे अर्थ लंगोटी नव्हे, ‘अकार्य’, म्हणजे न करण्याजोगं काम), त्याची ‘विहिरीत टाकण्याजोगं ते’ अशी फोड केली, आणि त्याच साच्यात शालीनही बसवला, एवढंच. त्यापेक्षा बौधायन धर्मसूत्र उघडा. तिथे गृहस्थांचे प्रकार सांगताना शालीन आणि यायावर शेजारीशेजारी येतात, आणि कारण दिलंय, ‘शालाश्रयत्वात्’. शालेच्या आश्रयाने राहतो तो शालीन, फिरत राहतो तो यायावर. घर धरून राहणारा माणूस चारचौघांत बुजतो. माझ्या मते अर्थ इथूनच वळला. मराठीतही घरंदाज, घरगुती, घरकोंबडा हे शब्द पाहा, माणसाचा स्वभाव आपण घरावरूनच सांगतो.

हो, लिहिण्याचं राहिलं. ली दीर्घच. कुलापासून कुलीन, तसा शालेपासून शालीन. ऱ्हस्व लि वैभवशालिनीत येते, पण त्यातला ‘शालिन्’ निराळा.