रस्ता, रूळ आणि खाजण

प्रश्न: किनाऱ्यालगतचा महामार्ग, रेल्वे आणि सायकलमार्ग यांना वेगवेगळ्या परवानग्या दिल्या, तर कामं लवकर उरकणार नाहीत का?

उत्तर: उरकतील, पण फक्त रस्त्याची! माझी उभी हयात पुलांचे नकाशे तपासण्यात गेली. सुटे प्रस्ताव आले की वाढीव लेन पुढे सरकतात आणि सायकलमार्ग ‘पुढच्या टप्प्यात’ जाऊन बसतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो परगण्यात आय-५ महामार्गाच्या सुमारे २७ मैलांच्या पट्ट्यात सहा खाजणं लागतात. २०१४ मध्ये राज्याच्या किनारा आयोगाने, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, महामार्ग, दुहेरी रूळ, सायकलवाटा आणि खाजणांची सुधारणा हे सगळं एकाच आराखड्यात मंजूर केलं.

खरी मेख भरावात असते. रस्त्यासाठी किंवा रुळांसाठी टाकलेल्या मातीच्या भरावाने खाजणाचं तोंड आवळलं की भरतीचं पाणी पुरेसं आत शिरत नाही. मागे गाळ साचतो, शेवाळ माजतं. म्हणून सॅन एलिहो खाजणावरचा महामार्गाचा पूल लांबवला, रेल्वेचा जुना लाकडी पूलही बदलला. फायली वेगळ्या असत्या, तर एकाने मोकळं केलेलं पाणी दुसऱ्याने अडवलं असतं.

अर्थात एकदा मंजुरी मिळाली म्हणजे रान मोकळं नव्हे. प्रत्येक काम आराखड्याबरहुकूम आहे का, हे आयोग ते सुरू होण्याआधी पुन्हा पाहतो. तुम्हाला कुठे हरकत नोंदवायची असेल, तर आधी टप्प्यांचं वेळापत्रक मागून घ्या.